माळ ओवण्याआधी तार निवडू या

मणी काढलेत ना? ताटात जाडसर फडकं अंथरा आणि त्यावर ओता, म्हणजे घरंगळणार नाहीत. ओवायची घाई नको. माळ तुटते तेव्हा मण्यांना कोणी बोल लावत नाही, फसलेली असते ती तार. तेव्हा आधी तीच ठरवू.

1. दागिना गळ्यात की मनगटात, ते ठरवा. मनगटातला दागिना टेबलाला, नळाला, पिशवीच्या बंदाला दिवसभर घासतो. त्याला गळ्यातल्यापेक्षा जाड तार लागणार.

2. सगळे मणी ओंजळीत घेऊन तोला. अकीक, स्फटिक, धातूचे मणी हाताला लगेच जड लागतात. नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. प्लॅस्टिकचे टपोरे मणीही भारदस्त दिसतात.

3. सगळ्यात बारीक वेजाचा मणी शोधा. मोत्यांमध्ये असा एखादा हटवादी दाणा हमखास निघतो. मोठ्या वेजाचा मणी बघून तार आणलीत, तर अर्ध्या माळेत अडकाल.

4. साधा शिवणाचा दोरा वेजातून पाचसहा वेळा मागेपुढे ओढा. दोऱ्याला तूस सुटलं, तर वेजाची कड धारदार आहे. काचेचे आणि धातूचे मणी इथे फार फसवतात, तेव्हा एकच तपासून सोडू नका.

5. आता प्रकार ठरवा. कड धारदार असेल किंवा मणी जड असतील, तर गियर वायर घ्या. म्हणजे स्टीलच्या अतिबारीक तारांचा पीळ आणि वर नायलॉनचं आवरण. खरे मोती असतील, तर रेशमी दोरा आणि दोन मोत्यांमध्ये गाठ; गाठ वेजात शिरणार नाही इतका दोरा जाड हवा. हलक्या मण्यांचं, हूक नसलेलं ब्रेसलेट असेल, तर इलॅस्टिक, तेही ओवण्याआधी चांगलं ताणून घेतलेलं. तंगूस स्वस्त आणि ओवायला सोपा, पण तो हळूहळू लांबतो आणि जुना झाला की कडक होऊन तुटतो. माझी अकीकाची माळ तंगुसावर होती. ऐन मांडवात तुटली आणि अर्धे मणी सतरंजीखाली गेले! मुलांच्या खेळातल्या माळांना तंगूस ठीक आहे.

पुढच्या पायऱ्या गियर वायर घेणाऱ्यांसाठी.

6. तो बारीक वेजाचा मणी डबीत घालून दुकानात न्या. ‘अंदाजे एवढं वेज’ असं बोटांनी दाखवून काम होत नाही.

7. जाडी निवडा. बारीक मण्यांना 0.30 मिलिमीटर, नेहमीच्या काचेच्या मण्यांना 0.38, दगडी किंवा धातूच्या मण्यांना 0.45 ते 0.50. वेजात बसेल तेवढी जाड घ्या. सैल तारेवर मणी हलत राहतात आणि आवरण झिजतं.

8. रिळावर आतल्या तारांची संख्या वाचा: 7, 19 किंवा 49. 49ची तार जवळजवळ दोऱ्यासारखी लोळते, 7ची ताठ राहते आणि पटकन मुडपते. एकदा मुडपलेली तार पुन्हा सरळ होत नाही. पहिल्यांदाच करताय ना? मग 19ची घ्या.

9. त्या तारेला जुळणारे क्रिम्प मणी, म्हणजे टोकाचा फास पक्का करायला दाबायचे धातूचे बारीक मणी, घ्या. 0.38च्या तारेला साधारण 2 मिलिमीटरचे चालतात. दुहेरी तार आतून जेमतेम गेली पाहिजे. ऐसपैस क्रिम्प दाबला तरी तार निसटते.

10. घरी येऊन 20 सेंटिमीटरचा तुकडा कापा. शिवणाची कात्री लावू नका, धार जाईल. वायर कटर घ्या.

11. तुकड्यात दहा मणी ओवा. दोन्ही टोकांचे एकदोन मणी दुहेरी तार घेणारे हवेत, कारण उरलेलं शेपूट त्यांच्यातच लपवायचं असतं.

12. दोन्ही टोकांना फास करून क्रिम्प पकडीने दाबा. दाबण्याआधी मण्यांमध्ये दोनतीन मिलिमीटर मोकळीक ठेवा, नाहीतर माळ काठीसारखी उभी राहील.

13. एक फास खिळ्याला अडकवा आणि दुसऱ्यात कुलूप लटकवून रात्रभर ठेवा. खाली उशी ठेवायला विसरू नका.

14. सकाळी क्रिम्प तपासा. तार सरकली असेल, तर क्रिम्प बदलून पुन्हा टांगा. जागची हलली नसेल, तर माळेच्या लांबीत 15 सेंटिमीटर मिळवून मोठी तार कापा आणि ओवायला बसा.