बिनब्रेकची फटफटी

मंडळी, फटफटी तुम्ही रोज पाहता. गावच्या रस्त्याने ती धूळ उडवीत जाते. समोर म्हैस आडवी आली की चालवणारा ब्रेक दाबतो. पण जिला ब्रेकच नाही, अशी फटफटी तुम्ही कधी पाहिली आहे का? आणि अशा गाडीवर बसून कोणी आपल्या बायकामुलांचे पोट भरत असेल, असे तुम्हाला वाटते का?

असे लोक आहेत. ब्रिटन देशात अशा स्वारांच्या शर्यती होतात. शर्यत हाच त्यांचा धंदा. या धंद्यात माणूस वर कसा येतो, त्याला काय मिळते आणि त्याला काय गमवावे लागते, हे आपण या पाठात पाहू.

खेळ कसा चालतो

या खेळाचे नाव स्पीडवे. ऑस्ट्रेलियात १९२० नंतर हा खेळ जोरात सुरू झाला. तेथून तो ब्रिटनमध्ये आला. १९ फेब्रुवारी १९२८ या दिवशी लंडनजवळ हाय बीच या ठिकाणी मोठ्या शर्यती झाल्या. त्या पाहायला हजारो लोक लोटले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२९ मध्ये, गावोगावच्या संघांचे साखळी सामने सुरू झाले. ते आजही चालतात.

मैदान लांबट गोल असते. एक फेरा साधारण तीनशे मीटरचा. वाटेवर मुरमासारखा भुसभुशीत थर पसरलेला असतो. एका शर्यतीत चार स्वार असतात. दोन एका संघाचे, दोन दुसऱ्या संघाचे. सगळे डावीकडे वळत वळत चार फेरे घेतात. खळ्यावर बैल फिरतात तसे हे गोल फिरतात. पण बैल दिवसभर फिरतात, आणि यांची शर्यत एका मिनिटात संपते!

गाडीला गिअर एकच. ब्रेक नाही. पेट्रोलच्या जागी मेथॅनॉल नावाचे स्पिरिट जळते. आता तुम्ही विचाराल, "ब्रेक नाही तर मग गाडी आवरते कशी?" मूठ पिळली की गाडी पळते. मूठ सोडली की इंजिनच तिला ओढून धरते. आणि वळणावर स्वार एक नवल करतो. तो मागचे चाक मुद्दाम बाहेरच्या बाजूला घसरवतो. पुढचे चाक उजवीकडे वळलेले, आणि गाडी मात्र डावीकडे वळते! डावा पाय जमिनीवर घासत जातो. म्हणून बैलाला नाल ठोकतात, तसा त्या बुटाखाली पोलादी तळ बसवलेला असतो.

ब्रेक का नाही, हेही समजून घेऊ. चार गाड्या हातभर अंतराने पळत असतात. पुढच्याने एकदम ब्रेक मारला तर मागचा त्याच्यावर जाऊन आदळेल. म्हणून ब्रेक कोणालाच नाही. येथे ब्रेक नसणे हीच सावधगिरी आहे.

कमाईचा हिशेब

शर्यतीत पहिल्याला ३ गुण मिळतात. दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. चौथ्याला काही नाही. म्हणजे एका शर्यतीत एकूण ६ गुण वाटले जातात. एका सामन्यात १५ शर्यती धरल्या, तर गुण झाले ९०. ज्या संघाला ४६ मिळाले तो जिंकला.

स्वाराची बरीचशी कमाई या गुणांवरच असते. जितके गुण, तितका पैसा. पडला, तर शून्य. गाडी बहुधा त्याची स्वतःचीच असते. पडून ती मोडली, तर दुरुस्तीही त्यालाच करावी लागते. मजुरी बुडाली आणि वर अवजारही मोडले, अशी गत होते.

या हिशेबात एक चांगला नियमही आहे. समजा, एका संघाचे दोन स्वार पाठोपाठ आले आणि त्यांनी समोरच्या संघाच्या स्वाराला मागे ठेवले. मग मागच्या सोबत्याला एक जादा गुण धरून पैसे मिळतात. हा गुण संघाच्या बेरजेत येत नाही, पण त्याच्या खिशात येतो. असे का? कारण पैशासाठी त्याने आपल्याच माणसाला मागे खेचू नये. सोबत्याला पुढे जाऊ दिले तरी त्याचे नुकसान होत नाही.

शर्यतींचा हंगाम मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत. मग थंडी येते आणि मैदाने बंद होतात. त्या महिन्यांत कोणी दुसरे काम धरतो. कोणी ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये जाऊन शर्यती करतो, कारण तेव्हा तिकडे उन्हाळा असतो.

आता आपण तीन स्वारांची माहिती घेऊ.

परत गेला आणि परत आला

आयव्हन मॉगर हा न्यूझीलंड देशाचा. त्याचा जन्म १९३९ मध्ये क्राइस्टचर्च या शहरात झाला. त्याच शहराचे दोन स्वार, रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज, इंग्लंडात शर्यती करायला गेले होते. पोराने ठरवले, आपणही जायचे. १९५७ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, तो बायकोला घेऊन बोटीने इंग्लंडला गेला. लंडनच्या विम्बल्डन संघाकडे त्याने नशीब काढून पाहिले.

पण नशीब साथ देईना. संघ मोठा होता, आणि पोरगा कच्चा होता. त्याला संघात पक्की जागा मिळाली नाही. शेवटी तो हात हलवीत परत गेला. अशा वेळी माणूस काय म्हणतो? "आपल्या कपाळीच नाही," असे म्हणून तो धंदा सोडतो. मॉगरने धंदा सोडला नाही. ऑस्ट्रेलियात आणि घरच्या मैदानांवर तो शर्यती करीत राहिला. कोठे कमी पडलो ते तो शोधत राहिला.

१९६३ मध्ये तो पुन्हा इंग्लंडात आला. या खेपेला तो मोठ्या साखळीच्या दारात उभा राहिला नाही. न्यूकॅसल या शहराचा संघ तेव्हा खालच्या साखळीत खेळत होता. मॉगर त्या संघात गेला. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, न्यूकॅसलने ती साखळी जिंकली.

मॉगरची खरी ताकद होती तयारीत. शर्यत सुरू होताना समोरच्या फिती झटकन वर उडतात. पहिल्या वळणावर जो आधी पोचतो, तो बहुधा जिंकतो. म्हणून मॉगरने सुरुवातीचा तो एक क्षण घोटून घोटून पक्का केला. गाडीचा एकेक भाग तो नीट तपासून घेई. इतर जण ज्याला नशीब म्हणत, त्याचा तो अभ्यास करी.

१९६८ मध्ये तो जगज्जेता झाला. पुन्हा १९६९ मध्ये आणि पुन्हा १९७० मध्ये. मग १९७२, १९७७ आणि १९७९. एकूण सहा वेळा! शेवटच्या वेळी त्याला चाळीस वर्षे पुरी व्हायला एकच महिना राहिला होता. ब्रिटनमध्ये तो न्यूकॅसल, बेल व्ह्यू, एक्झिटर आणि हल या संघांकडून खेळला. त्याचा सहाचा आकडा पुढे स्वीडनच्या टोनी रिकार्डसनने गाठला, तोही २००५ मध्ये. मॉगर २०१८ मध्ये वारला.

लहान चणीचा मोठा स्वार

पीटर क्रेव्हन हा लिव्हरपूल शहराचा. जन्म १९३४ चा. अंगाने अगदी लहान, उंची पाच फुटांच्या आसपास. गाडीपुढे तो पोरासारखा दिसे. पण तोल सांभाळावा तर त्यानेच. गाडी कशीही उधळली तरी तो तिच्यावरून सुटत नसे. मँचेस्टर शहराच्या बेल व्ह्यू संघाचा तो लाडका स्वार होता. १९५५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो जगज्जेता झाला. १९६२ मध्ये दुसऱ्यांदा झाला.

२० सप्टेंबर १९६३ रोजी एडिंबरा शहरात एक सामना होता. शर्यतीत क्रेव्हनच्या पुढचा स्वार पडला. गाडीला ब्रेक नाही. सरळ जावे, तर पडलेल्या माणसाच्या अंगावरून गाडी जाणार. क्रेव्हनने गाडी वळवली. पडलेला स्वार वाचला. क्रेव्हन मात्र कडेच्या कुंपणावर जाऊन आदळला. चार दिवसांनी, २४ सप्टेंबरला, त्याचा प्राण गेला. वय फक्त २९.

ही हकीगत लिहिताना आमचाही हात थांबला. विचार करायला त्याला वेळ होता किती? डोळ्याचे पाते लवते, तेवढाच. त्याच्या आठवणीसाठी बेल व्ह्यूच्या मैदानावर पुढे कितीतरी वर्षे शर्यती होत राहिल्या.

बापाची शिकवण

ताय वॉफिंडन हा आजच्या काळातला स्वार. त्याचा जन्म १९९० मध्ये इंग्लंडातील स्कन्थॉर्प येथे झाला. बाप याच खेळातला स्वार. ताय लहान असतानाच घरची माणसे ऑस्ट्रेलियात गेली. तेथे पोरगा गाडी शिकला. मग त्याला धंद्यात घालायचे म्हणून ते परत इंग्लंडात आले. घर नव्हते. आईबाप आणि मुलगा चाकांवरच्या छोट्या घरात राहिले. २००६ मध्ये ताय खालच्या साखळीत शर्यती करू लागला.

२०१० मध्ये त्याला जगातल्या मोठ्या शर्यतींत जागा मिळाली. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला कर्करोगाने त्याचा बाप गेला. पोरगा एकोणीस वर्षांचा. त्या वर्षी त्याला फारसे यश आले नाही, आणि मोठ्या शर्यतींतली जागाही गेली. तो पुन्हा साखळी सामन्यांकडे वळला आणि राबत राहिला. तीन वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याला पुन्हा संधी मिळाली. त्या हंगामात त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. तरीही तो जगज्जेता झाला! २०१५ मध्ये पुन्हा झाला, २०१८ मध्ये पुन्हा झाला. तोवर ब्रिटनच्या कोणत्याही स्वाराने तीनदा हा मान मिळवला नव्हता. क्रेव्हन दोनदा जिंकून गेला होता.

पण जगज्जेता झाला म्हणून जमीन मऊ होत नाही. मार्च २०२५ मध्ये पोलंड देशात ताय जोरात पडला. त्याची बरीच हाडे मोडली. त्याला इस्पितळात राहावे लागले.

पडलेल्याला कोण उचलतो

आता खरा प्रश्न. गुणांवर पोट भरणारा माणूस जायबंदी झाला, तर घर कसे चालायचे? गुण नाहीत, म्हणजे पैसा नाही.

यासाठी ब्रिटनमध्ये स्वारांचा एक मदतनिधी आहे. मैदानावर खेळ पाहायला येणारे लोक त्यात आपापल्या परीने भर घालतात. जायबंदी झालेल्या स्वाराला त्यातून मदत मिळते. पुष्कळ मैदानांवर आता वळणाजवळ हवा भरलेले मऊ कुंपण लावतात. क्रेव्हनच्या वेळी असे कुंपण नव्हते.

आणखी एक संकट आहे, ते पडण्याचे नाही. शहरात जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि मैदाने एकेक करून बंद होऊ लागली. मॉगर ज्या विम्बल्डन संघाकडे पहिल्यांदा गेला, त्याच्या मैदानावरचा हा खेळ २००५ मध्ये थांबला. २०१७ मध्ये ते मैदान बंद झाले. आज तेथे घरे आणि फुटबॉलचे मैदान आहे. स्वार कितीही तरबेज असो, मैदान गेले की त्याची भाकरीही गेली.

मंडळी, हा खेळ आपल्याला खेळायचा नाही. पण गुणावर पैसा घेणारा स्वार आणि वजनावर मजुरी घेणारा कामकरी यांच्यात फार अंतर नाही. दोघांचे भांडवल म्हणजे आपला देह. मॉगर आपल्याला सांगतो, हरलास तर कोठे चुकलास ते पाहा. क्रेव्हन सांगतो, पुढच्या माणसाच्या अंगावरून पुढे जाऊ नकोस. आणि तो मदतनिधी सांगतो, पडायच्या आधीच थोडे थोडे एकत्र बाजूला टाका. पडल्यावर गोळा करायला वेळ नसतो.

शब्दांचे अर्थ

स्वार – गाडीवर किंवा घोड्यावर बसून ती चालवणारा
हंगाम – कामाचे ठरावीक महिने
जायबंदी – जखमी होऊन कामाला निकामी झालेला
मदतनिधी – मदतीसाठी एकत्र साठवलेला पैसा
तरबेज – कामात अगदी तयार

प्रश्न

१. स्पीडवेच्या गाडीला ब्रेक का नसतो?
२. मॉगर दुसऱ्यांदा इंग्लंडात आला, तेव्हा तो कोणत्या संघात गेला? तो संघ कोणत्या साखळीत होता?
३. क्रेव्हनने गाडी का वळवली?
४. एका स्वाराने पाच शर्यतींत ३, २, ०, ३ आणि १ असे गुण मिळवले. एकूण गुण किती झाले? शून्य नसते आणि तेथेही २ मिळाले असते, तर किती झाले असते?
५. तुमच्या कामाचा हंगाम कोणता? काम नसते त्या महिन्यांत तुम्ही काय करता? पाच ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.