पुळणीवर जायचं तर आधी तिथी बघ

मोबाइलवर भरतीची वेळ दिसते म्हणतोस. दिसू दे. शेखाडीच्या वळणावर रेंज गेली की काय करशील? म्हणून हे पाठच कर: तिथीची पाऊणपट कर, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. सकाळचे सहा, तसेच संध्याकाळचेही साधारण सहाच. त्यापुढे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतं, पण दालदी असो की कोळी, कुणालाही विचार, हिशेब असाच सांगेल. मला श्रीवर्धनच्या मुक्कामी एका तांडेलानं सांगितला, तेव्हा मी एस.टी. चालवत होतो. आता तू घे.

याचा उपयोग काय, तर दिवस निवडता येतो. पुनवेला-अवसेला उधाण. दुपारी बाराच्या सुमारास पाणी काठोकाठ, मग ओसरत ओसरत सूर्य बुडायच्या वेळी पुळण लांबरुंद उघडी. चालायला याहून चांगली वेळ नाही. पण पाण्यात जायला हीच वाईट, कारण दुपारभर पाणी आत ओढत असतं. लहान पोरं सोबत असतील तर अष्टमी-नवमी गाठ. तेव्हा भांग असतो. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, ओढही बेताची.

तुम्हाला गर्दी नको म्हणून दिवेआगरच्या मोठ्या किनाऱ्यावर न थांबता भरडखोल, शेखाडी, कोंडविल, आरावी असं खाली सरकायचंय. रस्ता सुरेख आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. मध्येच खडकांच्या दोन सोंडांमध्ये वाळूचा तुकडा दिसतो नि माणूस गाडी थांबवतो. थांबव, हरकत नाही. पण तिथं कोणी नाही म्हणजे हाक मारली तर ओ देणाराही कोणी नाही. म्हणून आधी गावात जा. जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्याला विचार, ‘काका, गावची पोरं कुठं पोहतात?’ ‘इथं पोहता येतं का?’ असं विचारू नकोस, भिडेखातर माणूस ‘हो’ म्हणतो. पोरं पोहत नसतील तिथं तू पाय ओले करून परत ये.

आपल्या नेरे गावच्या पोरांची एक खोड आहे. गाढी नदीच्या डोहात हातपाय मारायला शिकली की त्यांना वाटतं आता पाणी समजलं. गाढीला पूर आला की पाणी लाल होतं, गर्जतं, सगळं सांगून येतं. समुद्राचं उलटं. लाटा दोन्ही बाजूंना फुटताहेत नि मधला पट्टा शांत, काळपट दिसतोय, तिथंच पोरं उतरतात. तोच परत जाणाऱ्या पाण्याचा रस्ता. त्यात सापडलास तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नकोस, दम जाईल. आडवा, किनाऱ्याला धरून पोह. ओढीतून सुटलास की लाटांबरोबर आत ये. जमत नसेल तर नुसता तरंग आणि हात वर कर. खाडीच्या मुखाशी मात्र उतरायचंच नाही, ओहोटीला तिथं नदीसारखी धार असते. २०१६च्या फेब्रुवारीत मुरुडला सहलीतली कॉलेजची चौदा पोरं गेली. उन्हाळा लागायचा होता, वादळ नव्हतं, दिवस चांगला होता.

पावसाळ्यात तर बोलायलाच नको. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि जुनी माणसं नारळी पुनवेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. ज्यांचं पोट समुद्रावर, ते घरी बसतात. आपण तिथं जाऊन काय सिद्ध करणार?

वाळूवर वाळकं शेवाळ, शिंपल्या, प्लास्टिक यांची रेघ दिसेल. भरती तिथवर येऊन गेली असं समज. चादर तिच्या वरच्या अंगाला घालायची, उधाण असेल तर आणखी वर. खडकांच्या सोंडेला वळसा घालून पलीकडच्या पुळणीत जायचं असेल तर ओहोटी लागल्यावर निघ आणि पाणी फिरायच्या आत परत ये. पलीकडून डोंगरावर चढणारी पायवाट आहे का, ते अगोदर विचारून ठेव. हरिहरेश्वरची प्रदक्षिणाही तशीच, ओहोटीतच करायची. तिथल्या खडकावर फोटोसाठी उभं राहिलेल्यांना लाटेनं नेल्याच्या बातम्या तू वाचल्याच असशील.

चपला नकोत, जुने कॅनव्हासचे बूट घाल. खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नकोस, घासत चाल, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट निघून जातं. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय धरायचा आणि दवाखाना गाठायचा.

गाडी वाळूवर नेऊ नकोस. चाक रुतलं की रेस देऊन आणखी रुतवतात; हवा कमी करायची, चाकापुढची वाळू काढायची, पायपुसणं घालायचं आणि हळू क्लच सोडायचा. पण भरती लागली असेल तर हे करायलाही वेळ मिळत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल रात्री शेकोटी, हेडलाइट नको. कासवाची पिल्लं उजेडाकडे भरकटतात. शिवाय १९९३ साली याच शेखाडीला स्फोटकं उतरली होती. रात्री अनोळखी गाडी दिसली की चौकशी होणारच, तेव्हा पोलिसांवर चिडू नकोस, ओळखपत्र दाखव.

पहाटे पाचला निघालास तर वडखळ उजाडायच्या आत मागं पडतं. माणगावला टाकी भर आणि पिण्याचं पाणी घे. जेवण घरगुती हवं असेल तर सकाळीच सांगून ठेव, दुपारी दोनला दार वाजवून कोणी मासे तळून देत नाही. भरडखोलला सुकी मासळी घ्यायची तर घट्ट झाकणाचा डबा घरूनच ने, नाहीतर नेऱ्यापर्यंत काचा उघड्या ठेवून यावं लागेल आणि तुझी आजी तुला गाडीसकट अंगणात उभं करील.