परिस्थितिविज्ञानाचे परदेशातील संशोधनप्रधान शिक्षण

चराईबंदीचा ठराव महाराष्ट्रातील अनेक ग्रामसभांनी केलेला आहे. बंदीनंतर दोन-तीन पावसाळ्यांत गवत वाढते, हे कोणालाही दिसते. परंतु वाढलेले गवत गुरांच्या उपयोगाचे आहे काय, पूर्वीच्या वनस्पतींपैकी किती टिकल्या आणि हा बदल बंदीमुळे झाला की चांगल्या पावसामुळे, या प्रश्नांची उत्तरे नुसत्या पाहण्याने मिळत नाहीत. असे प्रश्न शास्त्रीय रीतीने कसे सोडवावेत हे शिकविणारे शास्त्र म्हणजे परिस्थितिविज्ञान, अर्थात इकॉलॉजी. या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा विचार आता तालुक्याच्या ठिकाणचे विद्यार्थीही करू लागले आहेत. त्यांना सल्ला देण्याची वेळ बहुधा शिक्षकांवर व गावातील जाणत्या मंडळींवर येते.

परदेशातील पदव्युत्तर अभ्यासक्रम स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्यात व्याख्याने व परीक्षा यांना प्राधान्य असते आणि शेवटी एक लहानसा प्रकल्प असतो. दुसऱ्यात संशोधन हाच गाभा असतो. ब्रिटनमधील संशोधनप्रधान पदवी सामान्यतः एका वर्षाची असते; नेदरलँड्समध्ये अभ्यासक्रम दोन वर्षांचा व 120 श्रेयांकांचा असून एक श्रेयांक म्हणजे 28 तासांचे काम धरले जाते. हा कालावधीचा फरक वरवर पाहता केवळ खर्चाचा वाटतो. वस्तुतः तो ऋतूंचा फरक आहे. शरद ऋतूत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला एका वर्षाच्या अभ्यासक्रमात वसंत व उन्हाळा एकदाच मिळतो. त्या हंगामात कुंपण मोडले किंवा निरीक्षणाची पद्धत चुकली, तर दुसरी संधी नसते. दोन वर्षांत चूक दुरुस्त करावयास वाव राहतो.

या शिक्षणाचे स्वरूप समजण्यासाठी नेदरलँड्सच्या उत्तरेकडील स्कीरमॉनिकोख बेटाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. 1614 मध्ये स्थापन झालेल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाचे या बेटावर एक संशोधन केंद्र आहे. त्याच्या डच नावाचा अर्थ ‘मेंढपाळाची झोपडी’ असा होतो, आणि तेथील अभ्यासाचा एक मोठा विषय चराई हाच आहे, हा योगायोग मोठा गमतीचा म्हणावा लागेल. हे बेट पूर्वेकडे हळूहळू वाढत आले आहे. त्यामुळे त्याच्या पूर्व टोकाकडील खारी कुरणे वयाने लहान, तर पश्चिमेकडील जुनी आहेत. पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत जाणाऱ्यास वनस्पतिजीवनात अनेक दशकांत घडलेला बदल काही किलोमीटरांत पाहावयास मिळतो.

या कुरणांवर गुरे, ससे व रानहंस चरतात. संशोधकांनी काही तुकड्यांभोवती निरनिराळ्या प्रकारची कुंपणे घातली. काहींतून फक्त गुरे वगळली, तर काहींतून ससे व हंसही. कुंपणाच्या आतील आणि बाहेरील वनस्पतींची वर्षानुवर्षे मोजदाद केली. जुन्या कुरणावर गुरे नसतील, तर एक उंच व राठ गवत सर्वत्र माजते, बाकीच्या वनस्पती मागे पडतात आणि आखूड कोवळ्या गवतावर उपजीविका करणारे हंस तो भाग सोडून जातात, असे दिसून आले. कोवळ्या कुरणावर ससे वाढती झुडपे कुरतडून हा बदल पुष्कळ वर्षे लांबवितात. चराई म्हणजे हानी, हे समीकरण तेथे तरी खरे ठरले नाही. अर्थात खाऱ्या किनाऱ्याचा हा निष्कर्ष अवर्षणग्रस्त माळरानाला जसाच्या तसा लावता येणार नाही. आणावयाची ती पद्धत, निष्कर्ष नव्हे.

ही पद्धत नवागत विद्यार्थ्याला कशी जड जाते, हेही पाहण्यासारखे आहे. एका कुंपणाच्या आत दहा चौकटी टाकून मोजणी केली, तर आपल्यापाशी दहा पुरावे जमा झाले असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पुरावा एकच असतो, कारण कुंपण एकच आहे. त्या जागी माती मुळातच सकस असेल, तर दहाही चौकटी तेच सांगतील. म्हणून कुंपणे अनेक हवीत, त्यांच्या जागा आवडीने न निवडता चिठ्ठ्या टाकून ठरवावयास हव्यात, आणि प्रत्येक कुंपणाशेजारी तुलनेसाठी मोकळा तुकडा हवा. मोजणी संपल्यावर संख्याशास्त्राचे काम सुरू होते. त्यासाठी ‘आर’ नावाची विनामूल्य संगणकप्रणाली सर्वत्र वापरली जाते व ती घरी बसूनही शिकता येते. ज्याची संख्याशास्त्राची तयारी कच्ची, त्याचे पहिले सहा महिने फार कष्टाचे जातात.

यावरून मार्गदर्शकाची निवड किती महत्त्वाची आहे हे लक्षात येईल. कॅनडासारख्या देशात प्रबंधावर आधारित पदवीसाठी एखाद्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यास स्वीकारल्याविना सहसा प्रवेशच मिळत नाही. त्यांना पाठवावयाचे पत्र थोडक्यात असावे; त्यांचे दोन-तीन लेख वाचून त्यांतून सुचलेला एखादा प्रश्न त्यात मांडावा. शंभर जणांना पाठविलेले एकच पत्र ओळखू येते. भारतातील तीन वर्षांची पदवी सर्वच विद्यापीठे पुरेशी मानतात असे नाही. तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारणा करावी.

खर्चाच्या बाबतीत राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मोठा आधार ठरणाऱ्या योजना आहेत. इतर प्रवर्गांसाठीही संबंधित विभाग अशा योजना राबवितात. या योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीला महत्त्व असते. प्रशासनाच्या दृष्टीने हा निकष सोयीचा खरा. परंतु क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची असते, कुरणाचा अभ्यास करणाऱ्या चार-पाच जणांच्या गटाची नव्हे. म्हणून यादीत बसणाऱ्या विद्यापीठांमधून आधी गट निवडावा आणि नावाचा विचार नंतर करावा.

पुष्कळ विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी आपल्याच मुलखात काम करावेसे वाटते. येथे एक कायदेशीर बाब अनेकदा नजरेतून सुटते. जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये भारतातील जैविक संसाधने परदेशी संस्थेस संशोधनासाठी घ्यावयाची असल्यास चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. विद्यार्थी भारतीय आहे, एवढ्यावरून बियाण्याचे किंवा पानांचे नमुने पेटीत घालून परदेशी नेता येत नाहीत. अभयारण्यात काम करावयाचे असल्यास वन विभागाची परवानगी निराळी. या प्रक्रियेस वेळ लागतो. अर्ज उशिरा केला, तर हंगाम निघून जातो आणि वर्ष वाया जाते.

याच अधिनियमातील कलम 41 नुसार स्थानिक क्षेत्रातील जैविक संसाधनांच्या वापराविषयी निर्णय घेताना प्राधिकरणाने व राज्य मंडळाने तेथील जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सल्ला घ्यावयाचा असतो. म्हणजे दूरच्या विद्यापीठातील प्रबंधाचा कागद ग्रामपंचायतीच्या टेबलावर येऊ शकतो. अशा वेळी नमुने कोणत्या जागेतून, किती व कोणत्या महिन्यात घेणार, हे समितीने विचारावे. त्याचबरोबर मोजणीच्या नोंदींची एक मराठी प्रत गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी मागून घ्यावी. या नोंदवह्यांत वनस्पतींची नावे आहेत. कोणती वनस्पती कोठे किती होती आणि पाच वर्षांनी किती उरली, हे सांगणारे रकाने मात्र बहुतेक ठिकाणी अद्याप भरावयाचे आहेत.