लाव्हाचा किनारा आणि भरतीची वेळ

वाराणसीचा दशाश्वमेध घाट मराठी यात्रेकरूस परका वाटत नाही. अठराव्या शतकात तो पेशव्यांनी बांधविला, असे परंपरा सांगते. या पेशव्यांचे मूळ गाव कोकणातील श्रीवर्धन. आणि त्यांचे कुलदैवत असलेले, ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाणारे हरिहरेश्वर तेथून जवळच, सावित्री नदीच्या मुखापाशी आहे. दोन्ही ठिकाणी यात्रेकरू दगडी पायऱ्यांनी पाण्याकडे उतरतो. परंतु दोन्हीकडील दगड निराळा आहे आणि पाण्याचा स्वभावही निराळा आहे. हा भेद ज्ञात असणे प्रसंगी प्राणरक्षणाचे साधन ठरते.

काशीचे घाट मुख्यतः चुनारच्या वालुकाश्माचे आहेत. पाण्याने वाहून आणलेली वाळू थरांवर थर साचून घट्ट झाली, म्हणजे असा खडक बनतो. हरिहरेश्वरचा काळा खडक मात्र बेसाल्ट होय. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठास पडलेल्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला आणि पुनःपुन्हा पसरून थिजला. आजही सुमारे 5 लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापलेला आहे.

अशा खडकाचा जन्म प्रत्यक्ष पाहावयाचा तर प्रशांत महासागरातील हवाई बेटाकडे वळावे लागते. तेथील किलाउएआ ज्वालामुखीचा लाव्हारस 2018 साली समुद्रास मिळाला आणि बेटाच्या भूमीत सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरची भर पडली. तुळतुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेल्या लाव्हास हवाईचे लोक ‘पाहोएहोए’ म्हणतात, तर खडबडीत लाव्हास ‘आआ’. दख्खनच्या खडकांचे वर्णन करतानाही भूवैज्ञानिक हेच शब्द वापरतात. ही नवी भूमी दिसावयास मनोहर, पण मोठी अविश्वासू असते. समुद्रात फुटलेल्या लाव्हाच्या सैल ढिगावर ती उभी असल्यामुळे तिचा भाग पूर्वसूचना न देता कोसळू शकतो.

कोकणातील लाव्हा कधीच निवाला. येथे आता राज्य आहे ते समुद्राचे. निवताना बेसाल्ट आकसतो व त्यास चिरा पडतात. लाट आदळली की या चिरांतील हवा दाबली जाते, आणि लाट ओसरताच ती जोराने प्रसरण पावते. या अखंड माऱ्याने चिरा रुंदावतात, कड्याचा पायथा पोखरला जातो व वरचा भाग ढासळतो. अशा रीतीने कडा मागे सरत जातो आणि त्याच्या पुढे जवळजवळ सपाट खडक उरतो. यास ‘तरंगघर्षित मंच’ म्हणतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट अशाच मंचावरून जाते. कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जी छिद्रे दिसतात, ती मिठाची करणी होय. लाटांचे तुषार खडकाच्या रंध्रांत शिरतात, पाणी वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण सुटू लागतात.

यात्रेकरूने ध्यानी धरावे ते हे की, हा मंच लाटांनीच कोरलेला असल्यामुळे लाटा तेथे पुन्हा येणारच. काशीस गंगेचे पाणी पावसाळ्यात चढते व पुढे सावकाश उतरते; भरती-ओहोटी तेथवर पोहोचत नाही. हरिहरेश्वरी मात्र ओहोटीला कोरडी दिसणारी वाट सहा तासांच्या आतच लाटांखाली जाऊ शकते.

भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत कोकणात रूढ आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. अष्टमीस 8 ची पाऊणपट 6, म्हणून सुमारे सहा वाजता पूर्ण भरती व त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे सव्वाबाराच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. चंद्रामुळे ही वेळ दररोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेत येऊन ‘उधाण’ येते. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते, त्यास ‘भांग’ म्हणतात.

आता महाशिवरात्रीचा विचार करा. तिथी वद्य चतुर्दशी. 14 ची पाऊणपट साडेदहा. म्हणजे भाविक सकाळी दर्शन आटोपून प्रदक्षिणेस निघावयाचे, नेमकी त्याच वेळी भरती, आणि तीही उधाणाजवळची! त्या दिवशी ओहोटी पावणेपाचच्या सुमारास येईल. पूर्ण ओहोटीची वाट न पाहता तिच्या तासभर आधी निघावे, म्हणजे परतीस अवधी राहतो. हे गणित ढोबळ आहे. वारा व लाटा यांचा हिशेब त्यात नाही. म्हणून भरतीचे कोष्टक पाहावे, स्थानिक कोळ्यांस विचारावे, आणि पावसाळ्यात तर मंचावर उतरूच नये.

स्वाध्याय

1. एकादशीस पूर्ण भरती व पूर्ण ओहोटी सुमारे किती वाजता येईल?
2. उधाणाच्या दिवशी भरती अधिक चढते, तर ओहोटीस पाणी अधिक ओसरते की कमी? का?
3. आपल्या गावातील घाट, देऊळ किंवा विहीर कोणत्या दगडाची आहे? तो दगड लाव्हापासून झाला की साचलेल्या वाळूपासून, हे कोणत्या खुणांवरून ठरवाल?