मस्कतचा एक दिवस: मावशीचे कानमंत्र

भाचेबुवा, तुम्ही चौघं मस्कतला जाताय आणि एका दिवसासाठी स्वतःची गाडी आणि गाइड घेताय, हे ताईकडून कळलं. उत्तम केलंत. मोठ्या ग्रुपबरोबर गेलं की ताईचे गुडघे, पिंट्याची शू आणि सूनबाईची खरेदी, तिन्ही गोष्टी शिटीच्या तालावर उरकाव्या लागतात. पण गाडी आपली केली म्हणून दिवस आपोआप आपला होत नाही. तो आधी चार प्रश्न विचारून, उन्हाचा मान ठेवून आणि गाइडशी माणसासारखं वागून आपला करावा लागतो. मी मस्कतच्या रुवी भागात संसार केला, आल्यागेल्या पाहुण्यांना शहर दाखवता दाखवता पाठ झालं. तेव्हा ऐक. पटलं तर कर, नाही पटलं तर निदान मान हलव.

गाडी ठरवताना

१. पहिला प्रश्न किमतीचा नको; "गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा एकच आहे का?" हे विचार — नुसताच ड्रायव्हर आला तर तो राजवाड्यासमोर गाडी उभी करून "पॅलेस" एवढंच म्हणेल, बाकीचं तुला मोबाइलवर वाचत बसावं लागेल.

२. गाइडकडे सरकारी परवाना आहे का, हे न लाजता विचार — ओमानात गाइडगिरीला तो लागतो, आणि ज्याच्याकडे असतो त्याला तो दाखवायला आवडतोच.

३. भाव गाडीचा की माणशी, किती तासांचा, त्यात पेट्रोल, पाणी, म्युझियमची तिकिटं धरली आहेत का, हे व्हॉट्सॲपवर लिहून घे — आधी बोललं तो ठराव, नंतर बोललं ती कटकट.

४. एक रियाल म्हणजे हजार बैसा आणि साधारण २.६ डॉलर, हे डोक्यात पक्कं बसव — "पाचच रियाल की!" म्हणून हसत पैसे काढणारे रात्री हॉटेलात गुणाकार करतात. दिसायला पाच, मोजायला हजारावर रुपये.

५. वार बघून तारीख धर आणि शुक्रवार टाळ — सुलतान काबूस यांची मोठी मशीद त्या दिवशी पाहुण्यांसाठी बंद, मत्राचा बाजारही सकाळचा बंद, मग भाड्याच्या गाडीतून बंद दारं बघत हिंडायचं.

६. शाळेला सुट्टी आहे म्हणून मे महिन्यात जाऊ नकोस, नोव्हेंबर ते मार्चमधले चार दिवस काढ — उन्हाळ्यात तिथे पारा ४५च्या घरात जातो आणि आपल्या नागपूरकरांचीसुद्धा बोलती बंद होते.

७. रमजान कधी आहे ते कॅलेंडरात बघ — त्या महिन्यात दिवसा उघड्यावर खाणंपिणं कायद्याने चालत नाही, आणि तुला तर दर तासाला चहा लागतो.

८. पिंट्यासाठी गाडीत वेगळी सीट हवी, हे बुकिंगलाच सांग — सकाळी हॉटेलच्या दारात सांगितलंस तर ती येईपर्यंत मशिदीची वेळ निघून जाईल.

आदल्या रात्री

९. बघायच्या जागांची यादी कर, मग तिच्यातल्या निम्म्या खोड आणि उरलेली गाइडला पाठव — घाईचा पाहुणा नुसती दारं मोजतो.

१०. नकाशावर जवळ दिसतंय म्हणून फसू नकोस, मस्कत हे पडवळासारखं लांबट शहर आहे, एका अंगाला हजर डोंगर आणि दुसऱ्या अंगाला समुद्र — मोठी मशीद आणि मत्राचा बाजार यांच्यातच पंधरा-वीस किलोमीटर जातात.

११. घड्याळ दीड तास मागे कर आणि ताईचंही आठवणीने कर — नाहीतर ती रोजच्यासारखी साडेपाचला उठेल आणि तिथे पहाटेचे चार वाजलेले असतील.

१२. ताईची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेव — डब्यात ओतलेल्या सुट्ट्या गोळ्या कस्टमवाल्याला समजावून सांगणं म्हणजे परीक्षाच.

१३. सगळ्यांचे सकाळचे कपडे रात्रीच काढून ठेव: पुरुषांना पूर्ण पँट, बायकांना मनगट आणि घोटे झाकणारे कपडे आणि डोक्याला ओढणी — मशिदीत अबाया भाड्याने मिळतो, पण आपली सैलशी सलवार-कमीज आणि जाड ओढणी नेली तर रांगही वाचते आणि पैसेही.

१४. चपला-बूट असे घाला की बसल्याशिवाय काढता येतील, आणि पिशवीत मोज्यांचा जोड टाका — संगमरवर सकाळी गार असतो, अकराला तोच तव्यावर उभं करतो.

सकाळी गाडीत

१५. आपण वेळेच्या पाच मिनिटं आधी खाली उभं राहायचं — गाइड येऊन थांबतो तो वेळ त्याचा जात नाही, तुझ्याच तासांतून कापला जातो.

१६. पुढच्या सीटवर तू बस आणि आधी त्याचं नाव, गाव, घरची माणसं विचार — मागे बसून सूचना देणाऱ्याला शहर दिसतं, शेजारी बसून विचारणाऱ्याला ते उलगडतं.

१७. त्याच्या पायघोळ पांढऱ्या दिशदाशाला गळ्याशी एक छोटासा गोंडा लोंबताना दिसेल, त्याबद्दल विचार — ओमानी पुरुष तो अत्तरात बुडवतात, आणि हे सांगताना हटकून तो गोंडा हातात धरून दाखवतील.

१८. गाडीत हिंदीतून कुजबुज करायची नाही, "हा लुटतोय वाटतं" तर मुळीच नाही — मस्कतमध्ये कित्येक ओमानींना हिंदी छान समजतं आणि सभ्यपणामुळे ते न समजल्यासारखं दाखवतात.

१९. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, तेव्हा रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघ आणि पिंट्याचं बोट सोडू नकोस — आपली मान जन्मभर उलट दिशेला वळायला शिकलेली असते.

मशिदीत

२०. सुलतान काबूस मशीद दिवसातली पहिलीच ठेव — इतर धर्मीयांना सकाळी आठ ते अकराच आत सोडतात, आणि आठच्या ठोक्याला गेलात तर गर्दीच्या आधी तो शांत पांढरा चौक तुमचा.

२१. लहान मुलांना मुख्य प्रार्थनागृहात घेत नाहीत, तेव्हा पिंट्याजवळ कोण आणि कधी थांबणार ते गाडीतच ठरवा — दारात उभं राहून नवरा-बायकोने वाद घालण्याची ती जागा नव्हे.

२२. आत गालिच्यावर पाय न ठेवता आखलेल्या पट्टीवरूनच चाल — साधारण ७० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद असा तो गालिचा इराणात विणलाय, सुमारे १७० कोटी गाठींचा, त्याला चार वर्षं लागली.

२३. झुंबर बघायला मान वर करशील तेव्हा जागेवर थांबून कर — ते १४ मीटर उंच आहे, आणि चालता चालता वर बघणारे समोरच्याच्या पाठीवर आदळतात.

२४. बाहेर आलास की भिंतीचा दगड नीट न्याहाळ आणि तो कुठला हे ताईला ओळखायला सांग — २००१ साली खुल्या झालेल्या या मशिदीला भारतातून नेलेला सुमारे तीन लाख टन वाळूचा दगड लागलाय, ऐकून तिची छाती फुगेल.

२५. मशिदीतून निघालात की कुरूमचं रॉयल ऑपेरा हाउस वाटेवरच आहे, पण आतून बघायचं तर त्या दिवशीच्या वेळा गाइडला आधी फोन करून विचारायला लाव — विचारणाऱ्याला वाट, गृहीत धरणाऱ्याला वळसा.

दुपारी

२६. बारा ते चार उघड्यावर काही ठेवू नकोस — सूर्य डोक्यावर, माणूस छपराखाली, एवढा एकच नियम आखातात जन्मभर पुरतो.

२७. जेवायला कुठे थांबायचं हे सकाळीच सांग. शाकाहारी हवं तर रुवी गाठ — तिथे आपल्या लोकांची वस्ती जुनी, थाळीही मिळते आणि डोसाही, ताईला वरणभाताची आठवण काढत बसावं लागत नाही.

२८. गाइडला जेवलास का, आमच्याबरोबर बसतोस का, हे विचार. नको म्हणाला तर आग्रह नको, पण त्याला वेळ दे — ज्याच्या हाती चाक, त्याच्या पोटाची आधी हाक.

२९. दुपारच्या नमाजासाठी तो थांबला तर घड्याळाकडे बघू नकोस, तेवढ्यात सगळ्यांनी बाथरूम आटपून घ्या — त्याची दहा-पंधरा मिनिटं आणि तुमची दहा-पंधरा मिनिटं एकाच वेळी मिटतात.

३०. जेवणानंतर राजवाड्यासमोरच्या नॅशनल म्युझियमला जा आणि दोनच दालनं नीट बघ — गार हवेत जेवणाची सुस्ती उतरते, आणि सगळी दालनं बघायला निघालेला तिसऱ्या दालनात बाक शोधतो.

जुन्या मस्कतमध्ये

३१. अल आलम राजवाडा बाहेरूनच बघायचा असतो, निळ्या-सोनेरी खांबांसमोर फोटो काढा आणि समाधान माना — आत सोडायचं का म्हणून पहारेकऱ्याशी हुज्जत घालणारे आपलेच निघतात, तू त्यात नसावास.

३२. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरचे जलाली आणि मिरानी किल्ले दाखवताना पिंट्याला गोव्याची गोष्ट सांग — ज्या पोर्तुगीज अल्बुकर्कने १५०७ साली मस्कत घेतलं त्यानेच १५१० साली गोवा घेतला, पण मस्कतने पोर्तुगीजांना १६५० सालीच घालवलं, आपल्या तीनशेहून अधिक वर्षं आधी.

३३. तिथून जवळच मोतीश्वराचं शंकराचं जुनं देऊळ आहे, उघडण्याची वेळ विचारून ताईला नक्की ने — नाही नेलंस तर परतीच्या विमानात आणि पुढे दर श्रावणी सोमवारी ऐकावं लागेल.

३४. पोलीस, लष्कर, सरकारी कचेऱ्या यांचे फोटो नकोत, आणि माणसांचे, विशेषतः बायकांचे, विचारल्याशिवाय मुळीच नकोत — कॅमेरा खिशात ठेवल्याने कुणाचं काही अडत नाही, चुकीच्या वेळी बाहेर काढला की मात्र दिवस अडतो.

मत्राच्या बाजारात

३५. बाजारात चारनंतरच जा — दुपारी दुकानं मिटलेली असतात, आणि संध्याकाळी दिवे लागले की समुद्रकाठच्या कॉर्निशवर वाराही सुटतो.

३६. गाइडने एकाच दुकानाचा फार आग्रह धरला तर हसून म्हण, "आधी एक चक्कर मारतो" — दलाली ही जगभरची रीत आहे, त्यावर रागवायचं नसतं, फक्त पाय दुसरीकडे वळवायचे असतात.

३७. लोबान घेताना दाणा बोटांत धरून उजेडाकडे कर — पांढुरका, हिरवट झाक असलेला आणि आरपार उजेड येणारा होजारी जातीचा दाणा चांगला, तपकिरी धुळकट दाणे नुसता धूर करतात.

३८. सूनबाईला शालींच्या दुकानात शिरण्याआधी हळूच सांग की यातल्या बऱ्याच शाली आपल्याकडूनच तिथे गेल्यात — नाहीतर काश्मीरची शाल मस्कतमार्गे पुण्याला पोचेल.

३९. घासाघीस कर, पण हसत, आणि भाव कबूल झाला की माघार नको — तिथे शब्द दिला म्हणजे व्यवहार झाला, पैसे ही मागून येणारी गोष्ट.

४०. खंजर घेतलास तर तो चेक-इनच्या बॅगेतच टाक — शोभेचा असला तरी विमानतळाच्या लेखी तो सुराच.

४१. सुटे रियाल जवळ ठेव, रुपये काढू नकोस — १९७०पर्यंत ओमानात रुपया चालायचा, १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळा रुपया छापायची, पण हे दुकानदाराला सांगून भाव उतरत नाही.

४२. कुणी कहवा, म्हणजे तिथली कॉफी, आणि खजूर पुढे केला तर उजव्या हाताने घे, आणि पुरे झालं की कप किंचित हलवून परत दे — नुसता रिकामा कप पुढे केलास तर ते भरतच राहतील, आणि रात्रभर तू छताकडे बघत पडशील.

निरोप घेताना

४३. उतरण्याआधी सीटखाली हात घालून बघ — पिंट्याचा एक बूट, ताईचा चष्मा आणि तुझा चार्जर यांपैकी एक तरी तिथे असणार.

४४. ठरलेले पैसे मोजून दे, वर बक्षिशी मनाप्रमाणे वेगळी दे, आणि दिवस आवडला हे तोंडाने सांग — बक्षिशीची तिथे सक्ती नाही, म्हणून तर ती मिळाली की मान मिळाल्यासारखी वाटते.

४५. काही खटकलं असेल तर तेही त्यालाच शांतपणे सांग — हॉटेलात जाऊन तक्रार लिहिली तर त्याची रोजी जाते, तोंडावर सांगितलं तर पुढच्या पाहुण्याची सोय होते.

४६. आणि रात्री दमलेल्या डोक्याने दुसऱ्या दिवसाचा बेत आखू नकोस — दमलेला माणूस एक तर सगळं रद्द करतो, नाहीतर डोंगर, वाळवंट आणि समुद्र एकाच दिवसात कोंबतो. तू यांतला कोणता, हे मला तू चड्डीत होतास तेव्हापासून माहीत आहे.