मासा आजारी पडतो तेव्हा

(काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळलेले तुम्ही पाहिले असतील. या माशांच्या तोंडाला होणारा एक रोग कसा ओळखावा आणि त्यावर काय इलाज करावा, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या परभणी जिल्ह्यात मासे सर्वांच्या ओळखीचे आहेत. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांत मासे आहेत. जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणाच्या जलाशयात मासेमारी चालते. डास कमी व्हावेत म्हणून आरोग्य खात्याचे कर्मचारी डबक्यांत आणि हौदांत गप्पी मासे सोडतात. हौस म्हणून घरातील काचेच्या टाकीत गोल्डफिश, मॉली, गुरामी असे मासेही अनेकजण पाळतात.

टाकीतला मासा सर्वस्वी आपल्यावर अवलंबून असतो. नदीतला मासा घाण पाण्यापासून दूर जाऊ शकतो. टाकीतला मासा कोठे जाणार? त्याला काय होते, हे तो सांगूही शकत नाही. ते आपल्यालाच पाहून ओळखावे लागते.

कधी कधी माशाच्या ओठांभोवती पांढरी कड दिसते. दुसऱ्या दिवशी तेथे कापसाचा लहानसा पुंजका चिकटल्यासारखा वाटतो. लोक म्हणतात, "बुरशी आली." मग दुकानातून बुरशीची दवा आणून टाकीत ओततात. तरीही मासा एकदोन दिवसांत मरतो. असे का होते? कारण ती पुष्कळदा बुरशी नसतेच. तो जिवाणूंचा संसर्ग असतो.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ एच. एस. डेव्हिस यांनी १९२२ साली या रोगाचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी आजारी माशांच्या अंगावरचा पांढरा भाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिला. तेव्हा लांबट जिवाणू एकमेकांजवळ जमून उभे खांब तयार करताना दिसले. आपल्या शेतात कडब्याची गंजी रचतात, तसाच हा आकार दिसतो. इंग्रजीत खांबाला 'कॉलम' म्हणतात. त्यावरून या रोगाला 'कॉलम्नॅरिस' हे नाव पडले. हा जिवाणू इतका सूक्ष्म आहे, की त्याची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. पूर्वी तो एकाच जातीचा मानला जाई. २०२२ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या चार वेगवेगळ्या जाती असल्याचे दाखवून दिले.

आता हा रोग ओळखायचा कसा ते पाहू. सुरुवातीला ओठ फिके पडतात. मग ओठांवर पांढरट किंवा राखाडी थर येतो. त्याचे तंतू आखूड असतात. पुढे ओठ झिजू लागतात आणि मासा खाणे सोडतो. काही माशांच्या पाठीवर, पराच्या दोन्ही बाजूंना, घोड्यावरच्या खोगिरासारखा फिका डाग पडतो. पर फाटल्यासारखे दिसतात. संसर्ग कल्ल्यांत पोहोचला तर मासा पाण्याच्या वरच्या थरात येऊन भरभर श्वास घेतो.

खरी पाणबुरशी याहून वेगळी दिसते. तिचे तंतू लांब आणि मोकळे असतात. पाण्यात ते लोकरीसारखे हलतात. ती बहुधा जुन्या जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर वाढते आणि हळूहळू पसरते. जिवाणूंचा रोग मात्र झपाट्याने पसरतो. म्हणून तोंडावर पांढरे दिसताच दिवस, वेळ आणि डागाचा आकार वहीत लिहून ठेवावा. सकाळी पाहिलेला डाग संध्याकाळपर्यंत वाढला, तर तो जिवाणूंचा असण्याची शक्यता अधिक असते.

प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे रोग, असेही नाही. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक पांढरे ठिपके येतात. ते नैसर्गिक असतात. त्या वेळी मासा चपळ असतो आणि नीट खातो. अशा माशाला औषध देऊ नये.

हा रोग होतो कशामुळे? माशाच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो. तो थर रोगजंतूंना आत शिरू देत नाही. काचेवर तोंड घासले, माशांची मारामारी झाली किंवा जाळी खडबडीत असली, तर हा थर निघतो आणि जखम होते. रोगजंतू तेथून शिरतात. टाकीत मासे फार झाले, उरलेले अन्न कुजले, पाणी बदलले नाही, की माशांची ताकद कमी होते आणि रोगाला वाट मिळते.

आपल्याकडचा उन्हाळाही या रोगाला मदत करतो. परभणीत मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. टाकीचे पाणीही तापते. हा जिवाणू २५ ते ३२ अंशांच्या कोमट पाण्यात जोमाने वाढतो. शिवाय पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांच्या एक लीटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांना तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच राहतो. म्हणजे उन्हाळ्यात रोगजंतूंचे बळ वाढते आणि माशांचे घटते.

आता इलाज पाहू. सर्वांत आधी आजारी माशाला वेगळे करावे. त्यासाठी साबण न लागलेला स्वच्छ टब घ्यावा. त्यात दहा लीटर पाणी भरून हवेचा लहान पंप लावावा. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो, म्हणून ते पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरावे. टबातील आणि टाकीतील पाण्याचे तापमान सारखे असावे.

दुसरे काम मोठ्या टाकीचे. तळाचा गाळ नळीने ओढून घ्यावा. रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे. माशांना नेहमीपेक्षा निम्मेच अन्न द्यावे. गाळणी मात्र नळाच्या पाण्याने खसखसून धुऊ नये. तिच्यात पाणी शुद्ध ठेवणारे उपयोगी जिवाणू राहतात. ते मेले, तर माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया पाण्यात साठतो.

तिसरे काम पाणी थंड ठेवण्याचे. टाकी उन्हातून हलवावी. पाण्यावरून पंख्याची हवा जाऊ द्यावी. पाणी हळूहळू २४-२५ अंशांपर्यंत आणावे. बर्फाचे खडे टाकू नयेत, कारण एकाएकी थंडी लागल्याने मासा मरतो. काही रोगांत पाणी मुद्दाम गरम करतात. येथे तसे केल्यास रोग वाढतो.

चौथा इलाज मिठाचा. दहा लीटर पाण्याला १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट चहाचे चमचे, खडेमीठ घ्यावे. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडे थोडे टबात घालावे. दुसऱ्या दिवशी आणखी १० ग्रॅम घालावे. पाणी वाफ होऊन उडते, मीठ उडत नाही. म्हणून नुसते पाणी आटले असेल, तर साधे पाणी भरावे. तीन लीटर पाणी काढून बदलले, तर त्या तीन लीटरपुरतेच मीठ घालावे. मोठ्या टाकीत मीठ घालू नये. त्याने पाणवनस्पती खराब होतात, आणि तळाशी राहणाऱ्या बिनखवल्यांच्या काही माशांना मीठ सोसत नाही.

रोग नुकताच लागला असेल, तर एवढ्यानेही मासा सुधारू शकतो. रोग वाढला असेल, तर प्रतिजैविक औषध लागते. ते पशुवैद्याला विचारूनच द्यावे. परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तेथील जाणकारांचा सल्ला घेता येतो. माणसांच्या औषधाची कॅप्सूल फोडून टाकीत टाकणे फार चुकीचे आहे. औषध कमी पडले, तर काही जिवाणू जगतात. पुढे त्यांच्या पिढ्यांवर ते औषध चालेनासे होते. तेच पाणी गटारात गेले, की हा धोका टाकीबाहेरही पसरतो. मिथिलीन ब्लूसारखी निळी दवा पाणबुरशीवर चालते, पण या जिवाणूवर तिचा भरवसा धरता येत नाही.

सर्व करूनही एखादा मासा वाचत नाही. मेलेला मासा ताबडतोब काढून जमिनीत खोल पुरावा. तो किंवा टाकीचे पाणी नदीत, विहिरीत टाकू नये. कॉलम्नॅरिस हा रोग रोहू आणि कटला या माशांनाही होतो. या माशांवर आपल्या जिल्ह्यातील अनेक मच्छीमार कुटुंबांचे पोट चालते. जिवंत शोभेचे मासेही आपल्या मर्जीने नदीत सोडू नयेत.

आजारी माशासाठी वापरलेली जाळी आणि टब वेगळे ठेवावे. ते धुऊन कडक उन्हात वाळवावे. हाताला जखम असेल, तर टाकीत हात घालू नये. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. नवा मासा आणला, तर त्याला दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात ठेवावे. तो निरोगी दिसला, तरच इतर माशांत सोडावा. रोज दाणा टाकताना दोन मिनिटे प्रत्येक माशाचे तोंड, पर आणि श्वास पाहण्याची सवय लावून घ्यावी. रोग पहिल्याच दिवशी लक्षात आला, तर मासा वाचण्याची आशा सर्वांत जास्त असते.

शब्दार्थ

सर्वस्वी – पूर्णपणे. पुंजका – लहान गोळा. संसर्ग – रोगाची लागण. गंजी – कडब्याचा रचलेला ढीग. खोगीर – घोड्याच्या पाठीवरचे बसायचे आसन. कल्ले – माशाचे श्वास घेण्याचे अवयव. पर – माशाचे पोहण्याचे अवयव. वीण – पिल्ले किंवा अंडी देणे. प्रतिजैविक – जिवाणूंना मारणारे किंवा त्यांची वाढ थांबवणारे औषध.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) येलदरी धरण कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) कॉलम्नॅरिस या रोगाचे पहिले वर्णन कोणी प्रसिद्ध केले?
(इ) नळाचे पाणी एक दिवस उघडे का ठेवावे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जिवाणूंचा रोग आणि पाणबुरशी यांत कोणता फरक दिसतो?
(आ) उन्हाळ्यात हा रोग का वाढतो?
(इ) माणसांचे औषध टाकीत का टाकू नये?

प्र. ३. विरुद्धार्थी शब्द लिहा.
आजारी, स्वच्छ, आखूड, उपयोगी, थंड.

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
वाट मिळणे, भरवसा धरणे, पोट चालणे.

प्र. ५. हिशेब करा.
एक टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच आहे. ती काठोकाठ भरली, तर तिच्यात किती लीटर पाणी मावेल? (१००० घन सेंटिमीटर = १ लीटर)

उपक्रम : घरी, शाळेत किंवा शेजारी माशांची टाकी असेल, तर सात दिवस तिचे निरीक्षण करा. पाण्याचे तापमान, माशांचे खाणे आणि त्यांची हालचाल वहीत लिहा व वर्गात वाचून दाखवा.