स्वस्ताईचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘किरकोळ व्यापार’ हे प्रकरण सोपे वाटते. घाऊक व्यापाऱ्याकडून माल घ्यायचा, त्यावर नफा चढवायचा आणि विकायचा, झाले! पण सर्वांपेक्षा कमी भाव लावणाऱ्या मोठ्या दुकानाला ते परवडते कसे? त्यासाठी वॉलमार्ट या अमेरिकन कंपनीचे उदाहरण घेऊ. २०१८ मध्ये फ्लिपकार्टमधील सुमारे ७७ टक्के हिस्सा या कंपनीने घेतला, त्यामुळे हे नाव आपल्यालाही परके राहिलेले नाही.

सॅम वॉल्टन यांनी पहिले वॉलमार्ट २ जुलै १९६२ रोजी आर्कान्सा राज्यातील रॉजर्स या लहान गावी उघडले. त्यांची रीत सरळ होती. नगामागे नफा थोडा, पण नग पुष्कळ. माल शक्यतो थेट उत्पादकाकडून घ्यायचा, आपल्याच गोदामातून न्यायचा. यात लबाडी काही नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही हे गणित ठाऊक असते. मात्र खरेदी आणि वाहतुकीत वाचवायचे ते वाचवून झाले, की कात्री लावायला उरतो तो नोकरांचा पगार. तिथे कामगार संघटनेचा प्रश्न येतो.

इंदूरच्या जुन्या घरांना कामगार संघटना म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. इतकी वर्षे ते प्रकरण कोर्टात जिवंत राहिले ते संघटनांमुळे. एकट्या माणसाला हे झेपले नसते.

वॉलमार्टचा संघटनेला पहिल्यापासून विरोध. कंपनीचे म्हणणे असे, की आमचे दार उघडे आहे, तक्रार थेट साहेबांना सांगा, मधे तिसरा कशाला? कॅनडातील क्वेबेक प्रांतात झाँकिएर येथील दुकानात मात्र ऑगस्ट २००४ मध्ये कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळाली. पगाराची बोलणी जुळेनात. फेब्रुवारी २००५ मध्ये संघटनेने लवाद मागितला, आणि त्यानंतर आठवड्याभरात कंपनीने दुकान बंद करण्याचे जाहीर केले. एप्रिलअखेर कुलूप लागले. सुमारे २०० जणांची नोकरी गेली. दुकान चालत नाही, हे कंपनीचे कारण. खटला नऊ वर्षे चालला. जून २०१४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला: बोलणी चालू असताना सबळ कारणाशिवाय नोकरीच्या अटी बदलता येत नाहीत, आणि दुकान बंद करणे हाही बदलच. भरपाईचा हक्क मिळाला. दुकान काही परत उघडले नाही. माझ्या मते, ज्या दारातून तक्रार आत जाते पण उत्तर बाहेर येत नाही, त्याला उघडे दार म्हणू नये.

आता ग्राहकसेवेकडे वळू. वॉलमार्ट १९९७ च्या अखेरीस जर्मनीत शिरले. दाराशी स्वागताला माणूस, नोकरांनी ग्राहकाकडे पाहून हसायचे, सामान पिशवीत भरून द्यायचे, ही अमेरिकन पद्धत त्यांनी तिथे नेली. जर्मन गिऱ्हाईक बुचकळ्यात पडले. ओळख ना पाळख, हा हसतो कशाला? शिवाय आल्डीसारखी तिथली दुकाने आधीच स्वस्त होती, आणि कामगार संघटनेशी बोलूनच कारभार करण्याची तिथली रीत या कंपनीला मानवली नाही. २००६ मध्ये ८५ दुकाने मेट्रो कंपनीला विकून वॉलमार्ट परतले. आल्डीत बिल करणारा कामगार खुर्चीवर बसतो, हसतोच असे नाही, आणि रांग मात्र भराभर पुढे सरकते!

स्वस्त भाव आणि संघटना यांचे वैरच असते, असेही समजू नका. अमेरिकेतच कॉस्टको ही घाऊक पद्धतीने स्वस्त विकणारी कंपनी पगार बरा देते आणि तिच्या काही दुकानांत टीमस्टर्स ही संघटना अनेक वर्षे आहे.

विद्यार्थी मित्रहो, या महिन्याचा गृहपाठ लहान आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील नोकरांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. त्यासाठी कोझिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी एकत्र येऊन झगडा दिला होता. आई-बाबांबरोबर मोठ्या दुकानात जाल तेव्हा पाहून या, की बिल करणाऱ्या ताईंना आणि कपडे दाखवणाऱ्या दादांना बसायला स्टूल आहे का, आणि असल्यास ते त्यावर बसतात का. वहीत नोंद करा. दुकानाचे नाव लिहू नका.